झोपेत दात आवळल्याने जबड्याचा सांधा दुखतोय: गार्ड कोणतं, शेक की बर्फ?

सातरस्ता_सोलापूर

सकाळी उठल्यावर उजव्या कानापुढे ठणक, दोन्ही कानशिलं जड, तोंड उघडताना 'कट्ट' असा आवाज. दिवस चढला की कमी होतं, जेवताना पुन्हा वर येतं. दातांना कीड नाही, ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे नॉर्मल, कानही ठीक आहे. रात्री दातांवर बसवायचं, मेडिकलमधलं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं गार्ड वापरतोय. ते दाढांपाशी चावून पातळ झालंय आणि दुखणं उलट वाढल्यासारखं वाटतं. गार्ड मऊ घ्यावं की कडक? शेकावं की बर्फ लावावा? कडक भाकरी कायमची सोडायची का? आणि घरचे म्हणतात जंताचं औषध घे, त्यात काही तथ्य आहे का?

दंत_प्रॉस्थो

जंतांचा आणि दात खाण्याचा संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. मोठ्या माणसाने त्या गोळीवर विसंबू नये.

आता गार्ड. मऊ गार्ड दातांत आलं की काही जणांचे स्नायू ते चघळायलाच लागतात, म्हणून दुखणं वाढतं. तुमचं दाढांपाशी पातळ झालंय, म्हणजे जोर तिथेच पडतोय. तुम्हाला कडक ॲक्रिलिकचं (प्लास्टिकचं), वरच्या सगळ्या दातांना झाकणारं गार्ड, म्हणजे स्प्लिंट लागेल. दाढांपाशी जाडी साधारण २ मिलिमीटर. दोन्ही जबड्यांची मापं घेऊन लॅबमध्ये बनवतात.

खरं काम ते बसवायच्या दिवशी असतं. डॉक्टर कार्बन पेपर ठेवून चावायला सांगतील. खालच्या दातांचे ठिपके दोन्ही बाजूंना सारखे उमटायला हवेत. एका बाजूला गडद ठिपका आणि दुसरीकडे काहीच नाही, तर तिथे घासून कमी करायचं. जबडा बाजूला सरकवला की रेघ फक्त सुळ्यापाशी उमटावी आणि मागच्या दाढा सुटाव्यात. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, कारण स्नायू सैल पडले की जबडा थोडी जागा बदलतो आणि ठिपकेही बदलतात. ही दुसरी फेरी बहुतेक जण चुकवतात, मग गार्ड "सूट झालं नाही" म्हणून कपाटात जातं.

फक्त पुढच्या दातांवर बसणारं छोटं गार्ड स्वतःच्या मनाने घेऊ नका. मागच्या दातांना टेकू मिळाला नाही तर ते काही महिन्यांत वर सरकू शकतात आणि पुढचे दात मिटेनासे होतात. पूर्ण गार्डही फक्त रात्रीच. सकाळी काढल्यावर काही मिनिटं दात नीट जुळत नाहीत असं वाटलं तर चालतं; दिवसभर तसंच राहिलं तर दाखवा.

धुवायला साधं पाणी, मऊ ब्रश, थोडा साबण. टूथपेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने आकार बिघडतो. एप्रिल-मे मध्ये तर गाडीत विसरूच नका, सोलापूरच्या उन्हात ते वाकडं व्हायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मनात पक्की करा: गार्ड दात आवळणं थांबवत नाही. ते दात वाचवतं आणि जोर वाटून देतं. दुखण्याचा मोठा भाग दिवसाच्या सवयीवर ठरतो.

जबडा_फिजिओ

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. दिवसा काम करताना, गाडी चालवताना, मोबाईल बघताना दात एकमेकांना टेकलेले असतात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. खरं तर दात फक्त चावताना आणि गिळताना टेकायला हवेत. एरवी ओठ मिटलेले, दात सुटलेले, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला. कॉम्प्युटरच्या कडेला, आरशावर, गाडीच्या डॅशबोर्डवर रंगीत टिकल्या चिकटवा. टिकली दिसली की दात सोडायचे आणि खांदे खाली टाकायचे.

तुमचं जुनं, स्नायूंचं दुखणं दिसतंय, त्याला ओला शेक. जाड सोलापुरी टॉवेल यासाठी उत्तम, पाणी धरून ठेवतो. गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा, चार पदरी घडी करा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. सोसवत असेल तरच गालापासून कानशिलापर्यंत ठेवा. १५ ते २० मिनिटं, रोज दोनदा, त्यातला एक झोपण्याआधी. टॉवेल निवला की पुन्हा बुडवा. अचानक तीव्र कळ आली किंवा सूज दिसली तर पहिले एक-दोन दिवस बर्फ, पण कापडात गुंडाळून आणि १० मिनिटंच.

शेकानंतर मालिश. दात आवळल्यावर गालात जो गोळा फुगतो, तो स्नायू. जागा सापडली की दात सोडा, दोन बोटांनी हळू गोल फिरवा, एका बाजूला साधारण मिनिटभर. सांध्यावर, म्हणजे कानाच्या अगदी पुढे, दाबायचं नाही.

व्यायाम एकच, पण नेमाने: जीभ टाळूला टेकवून, ती सुटणार नाही एवढंच तोंड उघडा आणि मिटा. ६ वेळा, दिवसातून ६ दा. आरशात बघा, हनुवटी सरळ खाली यायला हवी. बोटं घालून तोंड ताणू नका. "जबडा मोकळा होतो" म्हणून च्युइंगगम चघळणं तर पूर्ण बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा.

भाकरी_आमटी

जेवणाचं राहिलं. कडक भाकरी कायमची सोडायची गरज नाही. दुखणं जोरात असताना चार-सहा आठवडे कुरकुरीत खाऊ नका; तीच भाकरी गरम आमटीत किंवा दुधात कुस्करून, पूर्ण भिजल्यावर खा. ज्वारीची मऊ, ताजी भाकरी चालते. शेंगाचटणी दह्यात किंवा तेलात कालवून. ऊस, भाजलेले चणे, सुपारी, चिवट मटण बंद. हुरडा मऊ असला तरी बराच वेळ चघळला जातो, तेव्हा मूठभरच. आणि दुखतं म्हणून एकाच बाजूने चावू नका, घास लहान करा.

सातरस्ता_सोलापूर

सगळ्यांचे आभार. कट्ट आवाजासाठी एमआरआय करावा का? पेनकिलर किती दिवस घ्यावी? आणि सोलापुरात स्प्लिंट कुठे करून मिळेल?

ओपीडी_डॉक्टर

आवाज येतो पण दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, तर त्या आवाजासाठी एमआरआय नको. सांध्यातली चकती थोडी पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना जागेवर येते, तोच आवाज. स्वतःची तीन बोटं उभी दातांत मावतात का बघा. आवाज अचानक बंद झाला आणि दोनच बोटं मावू लागली तर चकती अडकली असू शकते. मग आठवडाभर वाट न बघता दाखवा. सुपारी-मावा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू कमी उघडत असेल आणि तिखटाने आग होत असेल तर तो वेगळा आजार, त्याची तपासणी आधी.

आयबुप्रोफेनसारखी गोळी जेवणानंतर, थोडेच दिवस आणि डॉक्टरांना विचारून. किडनीचा त्रास, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर स्वतः घेऊच नका. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांपैकी काही चालू असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दात आवळण्याबद्दल सांगा. काहींना त्यामुळेच सुरू होतं. गोळी मनाने बंद करू नका. मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेची तपासणी लागते. संध्याकाळनंतर चहा-कॉफी आणि दारू टाळा.

पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखणं, चावताना जबडा थकणं आणि नजर धूसर होणं असं एकत्र आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जबड्याबरोबर छातीत किंवा डाव्या हातात दुखत असेल तर दातांच्या दवाखान्यात वेळ घालवू नका, थेट इमर्जन्सी.

दंत_प्रॉस्थो

स्प्लिंटसाठी प्रॉस्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे कृत्रिम दात-कवळी बसवणाऱ्या दंततज्ज्ञाकडे जा. खर्चाचा प्रश्न असेल तर पुणे रस्त्यावर केगावच्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत प्रॉस्थोडॉन्टिक्स विभागात चौकशी करा. जाताना चावून पातळ झालेलं जुनं गार्ड फेकून न देता सोबत न्या. कोणत्या दाढांवर जोर पडतो ते त्यावर स्पष्ट उमटलेलं असतं.