रूपांतर, माध्यमांतर की 'बेतलेला'?

अर्धविराम: एका लेखात मी लिहिलं होतं, 'जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा १९५७ चा थ्रोन ऑफ ब्लड हा चित्रपट म्हणजे शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकाचं रूपांतर आहे.' संपादकांनी 'रूपांतर' खोडून 'माध्यमांतर' केलं. खटकतंय. माध्यम बदललं हे खरं, पण इथे स्कॉटलंडचं जपान झालंय, तीन चेटकिणींच्या जागी जंगलात चरखा फिरवत बसलेली एकच पांढरीफटक भुताळी आहे, आणि शेवटी नायकाला त्याचेच सैनिक बाणांनी विंधतात. एवढं सगळं 'माध्यमांतरा'त मावतं का?

काना-मात्रा: नाही मावत. रशियन दिग्दर्शक कोझिन्त्सेवचा १९६४ चा हॅम्लेट बघा. पात्रं रशियन बोलतात, पण राजवाडा एल्सिनोरचाच आणि राजपुत्र डेन्मार्कचाच. त्याला खुशाल माध्यमांतर म्हणा.

खडूस: 'माध्यमांतर' हा कारखान्यातून निघालेला शब्द आहे. देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव आणि डेस्डिमोनाची कमळजा केली, ते रूपांतर. पडद्यावर केलं म्हणून वेगळा शब्द कशाला?

तिसरी घंटा: कारण सुरवंटाचं फुलपाखरू झालं की सुरवंट उरत नाही. मॅकबेथ तर जागच्या जागी आहे. शिवाय 'रूपांतर' म्हणजे मूळ रूपापासून अंतर पडलं, असा तक्रारीचा सूर लागतो.

खडूस: अंतर पडलं नाही हो! देशांतर म्हणजे दुसरा देश, तसं रूपांतर म्हणजे दुसरं रूप. 'अंतर दिलं'मधला दुरावा इथे आणू नका.

तिसरी घंटा: बरं, नाही आणत. पण माझं मत 'बेतलेला'ला. शिंप्याचा शब्द आहे. कापड एकाचं, अंग दुसऱ्याचं, मधे कात्री. सत्यजित राय यांचा 'गणशत्रू' हा चित्रपट आठवा, नॉर्वेच्या इब्सेनच्या नाटकावरचा. इब्सेनच्या नाटकात दूषित पाणी स्नानगृहांचं, ज्यांच्यावर सगळ्या गावाची कमाई चालते. राय यांनी ते बंगालमधल्या देवळाच्या चरणामृतात आणलं. डॉक्टर प्रयोगशाळेचा अहवाल दाखवतो, तर उत्तर मिळतं की यात गंगाजल आहे, तुळस आहे, हे दूषित होईलच कसं? हे वाक्य नॉर्वेत कोण बोलणार? याला म्हणतात अंगावर बेतणं.

खडूस: मला 'बेतलं' म्हटलं की आधी जिवावर बेतलेलंच आठवतं. आणि राय यांनी शेवटही बदललाय. इब्सेनचा डॉक्टर एकटा पडतो आणि एकटा उभा राहणाराच सर्वांत बलवान असं म्हणतो. राय यांच्या डॉक्टरला बाहेरून तरुणांच्या घोषणा ऐकू येतात. याला उसवून नवं शिवणं म्हणतात. तुमचा शिंपी गिऱ्हाइकाला न विचारता सदऱ्याचा कोट करतो का?

अर्धविराम: मग कुरोसावाच्याच 'रान'चं (१९८५) काय करायचं? त्यात शेक्सपिअरच्या लिअर राजाच्या तीन मुलींच्या जागी तीन मुलगे आहेत. पण कुरोसावाने सुरुवात केली होती मोरी मोतोनारी या जपानी सरदाराच्या तीन मुलांच्या आख्यायिकेपासून. लिअर त्यात मागून मिसळला. इथे ना धड रूपांतर, ना धड बेतणं.

काना-मात्रा: अवांतर सांगू? मी कितीतरी वर्षं ते आपलं मराठी रान समजत होते. वेडा म्हातारा राजा वाऱ्यात माळावर भटकतो, म्हणजे रानोमाळच की! मैत्रिणींना ऐटीत समजावूनही सांगितलं. मग त्यातलीच एक जपानी शिकलेली निघाली. त्या भाषेत 'रान' म्हणजे गोंधळ, बंडाळी. मी तेव्हापासून नावांचे अर्थ सांगणं सोडलंय.

तिसरी घंटा: का सोडलंत? आपण 'रान उठवलं' म्हणतो तेव्हा गोंधळच घालतो ना! मला तर यात काहीतरी नातं दिसतंय.

खडूस: दिसू द्या. आपलं रान 'अरण्य'वरून आलं, पुढचा 'अ' गळून. जपानी शब्दाशी त्याची सोयरीक जुळवायला गेलात तर उद्या लिअरही आपलाच म्हणाल.

तिसरी घंटा: 'अ' गळतो हे तुम्ही म्हणता. आमच्याकडे एक मास्तर 'रण'वरून 'रान' सांगायचे.

खडूस: मास्तरांना नमस्कार.

अर्धविराम: मंडळी, लेख उद्या छापायला जातोय. 'माध्यमांतर' खोडू की राहू देऊ?

काना-मात्रा: एक मिनिट थांबा हो. 'रानटी'मधला 'टी' मग कुठून आला?