ट्रॉमा थेरपीत ‘इथे थांबू या’ हे कुणी ठरवायचं?

मुक्ता: मी शरीरावर आधारित ट्रॉमा थेरपी करते, म्हणजे मनावर बसलेल्या मोठ्या आघातावर उपचार. सत्रात पुढे जायचं की थांबायचं हे थेरपिस्टनेच ठरवावं, तेही शरीराकडे बघून, असं माझं ठाम मत आहे. अपघाताबद्दल बोलताना माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणतो. पण श्वास छातीत वरच अडकलेला, पायाची बोटं चपलेत आवळलेली, नजर खिळलेली. तिथे मी अपघाताचा विषयच सोडते. ‘पाठ खुर्चीला टेकलेली जाणवतेय का?’ एवढंच विचारते. पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्स्पीरिअन्सिंगमध्ये, म्हणजे मी वापरते त्या शरीराच्या जाणिवांवर आधारलेल्या पद्धतीत, आठवण थोडी थोडीच उघडतात. सगळं एकदम बाहेर काढलं की मोकळं वाटतं, हा समज घातक आहे.

रोखठोक: श्वास अडकला तो भीतीनेच कशावरून? जिना चढून आला असेल, दमा असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवण हाताळायची थेरपी) यांची शिफारस केली. त्यांना ठरलेली चौकट आहे. तुमच्या पद्धतीची २०१७ची चाचणी जेमतेम ६३ जणांची. एवढ्यावर पेशंटचं शरीर वाचायचा अधिकार कसा मिळतो?

मुक्ता: चाचणी लहान होती, पण निकाल चांगला होता तेही लिहा की. आणि ईएमडीआरमध्येसुद्धा डोळ्यांच्या हालचालींचा एक संच झाला की ‘आता काय जाणवतंय?’ असं विचारूनच पुढचं ठरतं. चौकट असली तरी त्या क्षणाचा निर्णय कुणाला चुकत नाही.

जुई: मी समोरच्या खुर्चीतली, म्हणजे पेशंट. ‘चालेल ना?’ असं विचारलं की माझ्या तोंडून ‘हो’च जायचं. मोठ्या माणसाला नाही म्हणायची सवयच नाही. त्यामुळे मुक्ताताईंचं निम्मं पटतं. पण माझ्या आताच्या थेरपिस्टनी हात वर केला की थांबायचं, असं ठरवलं आणि आधी नाश्त्याच्या गप्पांवर त्याचा सराव करून घेतला. त्यांना जे दिसतं तेही त्या बोलून दाखवतात: ‘खांदे वर गेलेत असं वाटतंय, बरोबर का?’ एकदा ती नुसती एसीची थंडी होती. मी तसं सांगितलं आणि आम्ही पुढे गेलो.

मुक्ता: खांद्यांबद्दल बोललं की काही जण आणखी आक्रसतात, म्हणून मी बोलत नाही.

रोखठोक: मग थंडी होती हे तुम्हाला कळणार कधी?

मुक्ता: वेग कमी केल्यावर. गोठलेल्या माणसाला त्याच क्षणी प्रश्न विचारला तर जुई म्हणतेय तसं ‘हो’च येईल. आधी थांबवेन, श्वास खाली आला की विचारेन. हाताच्या खुणेचा सराव मात्र पहिल्याच सत्रात हवा, हे जुईचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.