मदत हवी आहे: १९७२च्या शेव्हरोले सी-१०ला ५.३चं एलएस इंजिन बसवलंय, एसीचा कंप्रेसर कोणता घ्यावा?

नमस्कार. मी फिनिक्सला राहतो. ट्रक (पिकअप) १९७२चा आहे. मूळचं ३५० घनइंची इंजिन थकलं होतं, म्हणून गेल्या हिवाळ्यात २००४च्या सिल्व्हराडोमधलं ५.३ लिटरचं एलएस इंजिन (जीएमचं, म्हणजे शेव्हरोलेच्या जनरल मोटर्सचं, नंतरच्या काळातलं व्ही-८) गिअरबॉक्स, कॉम्प्युटर आणि वायरिंगसकट बसवलं. इंजिन सुरेख चालतं. गाडं अडलंय ते एसीवर.

इथल्या उन्हाची कल्पना यावी म्हणून सांगतो: २०२३च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याच्याही वर होता. मे महिन्यात आई अकोल्याहून येतेय. ऊन तिला नवं नाही, पण सिग्नलवर उभ्या असलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये तिला बसवायचं तर एसी नीट चाललाच पाहिजे.

सिल्व्हराडोत या इंजिनाचा कंप्रेसर उजव्या बाजूला अगदी खाली बसतो. त्याला चार रेघांचा वेगळा पट्टा असतो. सी-१०च्या चेसिसचा उजवा लांब बार नेमका तिथूनच जातो, त्यामुळे इंजिन खाली सोडताना कंप्रेसर काढूनच ठेवावा लागला. जवळच्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, चेसिसला खाच मारू, आतून पट्टी वेल्ड करू, काही होत नाही. मला ते पटत नाही. पुढच्या चाकांचा सगळा भार त्याच बारवर येतो आणि एकदा कापलेलं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. तो कंप्रेसर डेन्सो कंपनीचा, जवळपास १७८ सीसीचा, चांगल्या अवस्थेत आहे. म्हणून जीव अडकतो.

दुसरा विचार सँडन कंपनीच्या कंप्रेसरचा. अल्टरनेटर आणि पॉवर स्टीअरिंगचा पंप दोन्ही डावीकडे असल्याने उजवीकडे वर जागा मोकळी आहे आणि तिथे बसणारे ब्रॅकेट तयार मिळतात. एसडी७बी१० छोटा आणि सुटसुटीत, पण फक्त १०० सीसी. एसडी५एच१४ १३८ सीसी, एसडी७एच१५ १५५ सीसी.

तिसरा म्हणजे त्या काळचा जीएमचा ए६. बॉनेट उघडल्यावर तोच शोभेल हे खरं. क्षमताही दांडगी, सुमारे २०६ सीसी. पण वजन जवळपास १६ किलो, आणि तो बनला आर-१२ गॅससाठी, ज्याचं उत्पादन अमेरिकेत १९९५ अखेर थांबलं. माझी बाकी सगळी जोडणी नंतर आलेल्या १३४-ए गॅसची आहे: नवी कूलिंग कॉइल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, रिसीव्हर ड्रायर आणि पॅरलल फ्लो कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी).

आता हिशोब. क्रँकची पुली मोजली तर साडेसात इंच, सँडनची साधारण पाच. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला कंप्रेसरचे दीड. आयडलिंगला इंजिन ७०० फेऱ्यांवर, तर कंप्रेसर १०५० वर. १५५ सीसीवाला मिनिटाला १६३ लिटर गॅस ओढणार, १०० सीसीवाला १०५. (कागदावरचा आकडा, प्रत्यक्षात कमीच.) पुली लहान घेऊन छोट्याला जोरात फिरवता येईल, पण मग वरच्या टोकाला काय? आत्ताच्या पुलीवरही इंजिन ६००० ला गेलं की कंप्रेसर ९०००वर जातो, आणि तेवढा वेग या कंप्रेसरांना झेपणारा नाही.

तेव्हा प्रश्न असा: वर बसणारा एसडी७एच१५ या उन्हात सिग्नलवर पुरेल का, की मोठ्या डेन्सोसाठी चेसिसला हात लावावाच? जुन्या गाडीला असा एसी ज्यांनी स्वतः बसवलाय त्यांचा अनुभव हवा आहे.

सातपुडा:
चेसिस कापू नका, एवढं आधी सांगतो. नाशिकला बावीस वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम करतोय. सिग्नलवर गार होत नाही म्हणून येणाऱ्या गाड्यांत कंप्रेसर बहुतेक वेळा निर्दोष असतो. कंडेन्सरवर हवा नसते. आम्ही काय करतो, गाडी आयडलिंगला ठेवून गेज लावतो आणि कंडेन्सरवर बादलीने पाणी मारतो. हाय साइडचा (कंप्रेसरनंतरच्या जास्त प्रेशरच्या बाजूचा) काटा झपकन खाली आला आणि आत गार वारा सुटला, तर समजायचं पंखा कमी पडतोय. अशा गाडीला दुप्पट मोठा कंप्रेसर लावलात तर प्रेशर आणखी चढेल, बाकी काही नाही. तुमचा पंखा कोणता आहे? श्राउड (पंख्याभोवतीचं, हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं आवरण) आहे का?

धागाकर्ता:
दादा, पंखा इलेक्ट्रिक आहे, एकच, १६ इंची, रेडिएटरला नुसता चिकटवलेला. श्राउड नाही. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे दोन बोटं फट आहे.

सातपुडा:
मग तिथेच तुमचं अर्धं उत्तर आहे. पूर्ण रेडिएटर झाकणारा श्राउड आणि दोन पंखे. ती फट चारही बाजूंनी फोमच्या पट्टीने बंद करा, नाहीतर पंखा इंजिनाकडचीच गरम हवा फिरवून पुन्हा आत ओढतो. पंखा ट्रायनरी स्विचवर घ्या: प्रेशर वाढलं की पंखा आपोआप लागतो, फार वाढलं किंवा गॅस संपला की कंप्रेसरच्या पुलीतला क्लच सुटतो. केबिनच्या छताला आणि फायरवॉलला आतून इन्शुलेशन लावलंय का?

धागाकर्ता:
छताला लावलंय, फायरवॉल राहिलीय. या मॉडेलची पेट्रोलची टाकी सीटच्या मागे केबिनमध्येच असायची. ती हौद्याखाली नेली, तेव्हा मागची भिंतही करून घेतली.

मस्कतकर:
सातपुडांशी सहमत. पण १०० सीसीवाला मात्र घेऊ नका, आमच्याकडच्या उन्हात त्याने मला एक अख्खा उन्हाळा रडवलं. एसडी७एच१५च घ्या, आणि क्लच सहा रेघांचा मागवा, कारण वर बसवला की तो मुख्य पट्ट्यावर चालतो. पट्टा कंप्रेसरच्या पुलीला निदान तिसरा हिस्सा तरी वेढला पाहिजे. कमी वेढला तर क्लच लागताना चित्कारतो. एखादी आयडलर पुली वाढवावी लागेल. कोणी जीएमचा व्ही५ सुचवला तर नको म्हणा. तो आपली क्षमता आपणच कमीजास्त करतो आणि तुमचा एक्स्पान्शन व्हॉल्व्हही तेच करतो. दोघं एकमेकांच्या मागे धावत राहतात.

वेगाचं म्हणाल तर क्लचला थेट स्विचवरून वीज देऊ नका. थर्मोस्टॅट आणि प्रेशर स्विचमधून एसीची मागणी इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे न्या, क्लचचा रिले त्याला चालवू द्या. क्लच लागण्याआधी तो आयडलिंग सावरतो, आणि पाय पूर्ण दाबला किंवा फेरे फार चढले की क्लच सोडतो. क्लच सुटला की नुसती पुली फिरते, आतला पंप थांबलेला असतो.

सातपुडा:
एक राहिलं. नव्या कंप्रेसरमध्ये कोणतं आणि किती तेल आहे ते लेबलवर बघा, त्यात दुसरं मिसळू नका. पहिल्यांदा चालू करण्याआधी क्लचची पुढची प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवा. पाऊण तास व्हॅक्यूम मारा, पंप बंद करून काटा तासभर हलत नाही ना बघा, आणि गॅस वजन करूनच भरा. होजला घाम आला म्हणून भरत सुटू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. एसडी७एच१५ सहा रेघांच्या क्लचसह मागवला, वरचं ब्रॅकेटही. चेसिसला हात लावत नाही. डेन्सो पुसून, तोंडं बंद करून फडताळात ठेवला. श्राउड आणि दोन पंखे या शनिवारी बसवतो, फायरवॉलचं इन्शुलेशनही त्याच वेळी. कॉम्प्युटरच्या हार्नेसमधली एसीच्या मागणीची वायर मी मागे कापून गुंडाळून ठेवली होती, ती आज सापडली. गॅस भरून झाला की सिग्नलवरचे गेजचे आकडे इथेच देईन, पाणी मारण्याआधीचे आणि नंतरचे.