मदत हवी आहे: भावाला पोकलेन ऑपरेटर व्हायचंय, ४५ हजारांचा कोर्स लावावा का?

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण आठवड्याभरात ठरवायचं आहे.

आम्ही गेवराई तालुक्यातले. आईबाबा ऊसतोडीला जातात. दसरा झाला की निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडावरच परत येतात. धाकटा भाऊ २१ वर्षांचा, बारावी झालाय. दोन वर्षं एका पोकलेनवर, म्हणजे खोदकामाच्या मोठ्या मशीनवर, हेल्पर आहे. सकाळी ग्रीस मारणं, ऑइल-कूलंट बघणं, डिझेलचा हिशोब, बकेटचे दाते बदलताना हाताखाली राहणं, सगळं करतो. १० हजार पगार आणि जेवण. तिथले ऑपरेटरदादा भले आहेत, संध्याकाळी काम आटपलं की त्याला सीटवर बसवतात. एका शेततळ्याची बाजू त्याने स्वतः उताराला काढली, त्याचा व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेन. घरी आला की बाजेवर बसतो, दोन्ही मांड्यांशेजारी पाण्याच्या बाटल्या मशीनच्या लिव्हरसारख्या उभ्या धरतो आणि डोळे मिटून हलवत राहतो. डाव्या हाताने मशीन फिरवणं आणि आर्म (बकेटकडचा दांडा), उजव्याने बूम (मशीनकडचा मोठा दांडा) आणि बकेट. आई म्हणते, झोपेतसुद्धा त्याचे हात चालतात.

आता एका संस्थेने त्याला ३० दिवसांचा कोर्स सांगितलाय. फी ४५ हजार, सर्टिफिकेट, नोकरीची हमी, लायसन्सही तेच काढून देणार, वर्षभरात दुबई. मी फोन करून विचारलं, प्रत्येक मुलाला मशीन किती तास मिळतं? "प्रॅक्टिकल भरपूर होतं" म्हणाले आणि लगेच पैसे कधी भरताय यावर आले.

बाबा म्हणतात, मुकादमाकडून उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) वाढवून घेतो. माझा जीव तिथेच अडकलाय. तोडणीचे टनाला ३६६ रुपये धरले तर ४५ हजार म्हणजे जवळजवळ सव्वाशे टन ऊस. दोघांनी दिवसाला दोन टन तोडला तरी दोन महिने. आईची कंबर आताच धरते. कोर्स खरंच उपयोगाचा असेल तर मी इथे पुण्यात कर्ज काढीन, पण उचल नको.

लाइनमधल्या कुणी सांगाल का: कोर्स लावावा, की हेल्परकीतूनच पुढे जाता येतं?

प्रतिसाद

ताई, मी १४ वर्षं मशीनवर आहे, आधी जेसीबी, आता पोकलेन. तुमच्या भावाने अर्धी वाट चाललेली आहे. ग्रीस मारता मारता ज्याला पिना, होज, सिलेंडर कळले, त्याच्या हातात मशीन टिकतं. मालक लोक तेच बघतात. सर्टिफिकेट दाखवून आलेल्या पोरालासुद्धा आधी सीटवर बसवून चर खोदायला लावतात, पाच मिनिटांत कळतं.

सर्टिफिकेट आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेसीबी रस्त्यावरून चालतो, त्याला लायसन्स लागतंच. लर्निंग काढायचं, ३० दिवस झाले की आरटीओत टेस्ट. पोकलेन ट्रेलरवरून नेतात म्हणून पुष्कळ जण लायसन्सच काढत नाहीत. अपघात झाला की मग विम्याचा घोळ होतो. मोठ्या कंपनीच्या साइटवर तर कागद बघितल्याशिवाय आत घेत नाहीत. कोर्सचं पुढे बघू, लायसन्सचं आधी करा.

तरी कोर्स करायचाच असेल तर न सांगता तिथे जा. मशीनला आवर मीटर असतो, इंजिन जितकं चालेल तितकाच तो पुढे सरकतो. सकाळचा आकडा लिहून घ्या, संध्याकाळचा बघा. २० पोरं आणि दिवसभरात मशीन ४ तास चाललं असेल तर एकाच्या वाट्याला १२ मिनिटं. तेवढं तर तो आत्ता फुकट शिकतोय.

ज्याला काम येतं पण कागद नाही, त्याच्यासाठी आरपीएल म्हणून सोय आहे. आधीच्या अनुभवावर परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात. आपल्या मशीनसाठीची स्किल कौन्सिल म्हणजे आयईएससी. जवळ कुठे परीक्षा आहे ते विचारा, आणि आत्ताच्या मालकाकडून दोन वर्षं काम केल्याचं पत्र लिहून घ्या. नंतर भांडण झालं की कुणी देत नाही. बांधकामावर वर्षात ९० दिवस भरत असतील तर कामगार कल्याण मंडळातही नाव घाला.

दुबईचं म्हणाल तर एजंट सरकारकडे नोंदणी असलेलाच हवा, आणि त्याला ३० हजार अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाही.

आणि त्याला माझं एवढं सांगा. विहिरीवर काम असलं की काढलेली माती काठावर टाकू द्यायची नाही, काठ दबतो आणि मशीनसकट खाली जातो. बूम वर घेताना वरची तार आधी बघायची. आणि हेल्पर आहे तोवर मशीनच्या मागच्या बाजूला, काउंटरवेटच्या (मागच्या जड वजनाच्या) फिरण्यात उभं राहायचं नाही. तिथे ऑपरेटरला माणूस दिसत नाही. माझ्यासमोर एक पोरगा गेलाय.

धागालेखिका

दादा, तुमचा प्रतिसाद भावाला फोनवर वाचून दाखवला. शेवटचं दोनदा वाचायला लावलं त्याने. मागच्या बाजूचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मालकाकडे पत्राचं तो उद्याच बोलतोय आणि लर्निंगसाठी सोमवारी बीडला जाईल. बाबांना मी उचल घेऊ नका म्हणून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण फोन आईकडे दिला आणि आई रडली.

तरी गुरुवारी रजा टाकून मी ती संस्था बघून येणार आहे, त्याच्या मनात किंतू राहायला नको. एकटीच जातेय. तो आवर मीटर केबिनमध्ये नेमका कुठे असतो, आणि मला तो बाहेरून वाचता येईल का?