आगुंब्याला कोण कोण जाऊन आलंय?

परवा भाजी निवडताना शेजारच्या घरातून 'मालगुडी डेज'ची धून ऐकू आली आणि मी थेट आगुंब्यात! शंकर नाग यांनी त्या मालिकेचं बरंचसं शूटिंग कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या याच गावात केलं होतं. आम्ही गेलो ऐन जुलैत, घरच्यांनी वेड्यात काढलं तरी. उडुपीहून हेब्री, सोमेश्वर आणि मग तो वळणावळणांचा घाट. वायपरने मान टाकलेली, त्यामुळे मिनीबसचा ड्रायव्हर खिडकीतून हात काढून काच पुसतोय आणि वर गाणंही म्हणतोय. गाव म्हणजे एक रस्ता, दोन्हीकडे कौलारू घरं. दोड्डमने या जुन्या वाड्यात मालिकेतल्या छोट्या स्वामीचं घर दाखवलंय. मधला चौक, काळे लाकडी खांब, आणि चौकात नुसती धार. तिथे हातात गरम कषाय, म्हणजे धणे-जिऱ्याचा काढा, मिळालं. कपडे शेवटपर्यंत वाळले नाहीत, ओलेच बॅगेत कोंबून आणले.

तुमचेही अनुभव लिहा. जळवांचे चालतील.

रानभूल: जळवा म्हणालात म्हणून. जोगीगुंडी धबधब्याच्या वाटेवर नवऱ्याच्या मोज्यात सापडल्या. त्याला पत्ताच नाही, चहा पीत बसलेला. चावताना कळत नाही आणि रक्त लवकर थांबत नाही. मोज्यांना तंबाखू चोळा, मीठ पावसात टिकत नाही.

घाटमाथा: पाऊस पाहायला तिकडे कशाला? आमची आंबोली आहे की. 😏

पावसाळी बेडूक: @घाटमाथा आलात का! आगुंब्याची वर्षाची सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास आहे. आंबोलीही त्याच घरातली, भांडू नका. फक्त आंबोलीत धबधब्याखाली स्पीकर लावून नाचणारे असतात.

घाटमाथा: हे मात्र खरं. गप्प बसतो.

नागोबा: नागराज, म्हणजे किंग कोब्रा, कुणीच लिहिला नाही? सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी 2005 मध्ये तिथे वर्षावन संशोधन केंद्र काढलं ते त्याच्यासाठीच. त्याचं मुख्य खाणं म्हणजे दुसरे साप. मादी पालापाचोळा ओढून चक्क घरटं करते, दुसरा कुठला साप असं करत नाही. 2024 मध्ये पश्चिम घाटातला नागराज वेगळी प्रजाती ठरला, शास्त्रीय नावात 'कालिंग' आलंय. मला दिसला नाही, पण ज्यांच्याकडे उतरलो ते आजोबा म्हणाले, न्हाणीघराच्या मागे येऊन गेला, आम्ही वाट दिली. इतक्या सहज, जसं काही पोस्टमन येऊन गेला.

रानभूल: न्हाणीघर??? माझं पुढच्या वर्षीचं बुकिंग रद्द.

मिरजेची माई: आमच्याकडे सांगली-कोल्हापूरचे जैन लोक हुमचाच्या पद्मावतीला जातात, तेव्हा कुंदाद्रीही करतात. आगुंब्याजवळच आहे. एकच उघडा कातळ, माथ्यावर पार्श्वनाथांची बसदी (जैन मंदिर) आणि शेजारी पाण्याचं कुंड. सासूबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून जीप केली, तर वर त्याच सगळ्यांच्या पुढे! धुकं हटलं तशी खाली नुसती झाडंच झाडं. कुणी फोटो काढला नाही, सगळ्यांचे फोन पिशवीत. कुकर झालाय, नंतर लिहिते.

अर्धा कप: शृंगेरी अगदी जवळ, जोडून करा. तुंगा नदीच्या घाटावर हे भलेमोठे मासे, लोक चुरमुरे टाकतात. मुलाने देऊळ सोडून तेच बघितलं. दुपारी प्रसादाचं जेवण, सार अप्रतिम.

घाटमाथा: सूर्यास्त दिसतो का हो तिथे?

पावसाळी बेडूक: डिसेंबर-जानेवारीत गेलात तर. आकाश स्वच्छ असेल तर अरबी समुद्रात बुडताना दिसतो. पावसाळ्यात सनसेट पॉइंटवर जाऊन ढग बघायचे आणि कणीस खायचं.

अर्धा कप: बरकणाचा धबधबा कुणी केलाय का? आम्हाला सोडलं नाही.

नागोबा: वनखात्याची परवानगी लागते. आधी विचारून जा.

रानभूल: ते सगळं ठीक, कषायची कृती कोण देणार? इथे सगळे शिंकतायत.

मिरजेची माई: परत आले बघ. धणे जास्त, जिरं निम्मं, थोडी मिरी, बडीशेप, सुंठ. भाजून पूड करून ठेव. पाण्यात गूळ घालून उकळायचं आणि मग दूध.

रानभूल: गुळाने दूध फाटत नाही?

मिरजेची माई: गॅस बंद करून घाल गं. आणि दूध तापवलेलं हवं.