निकालाचे कागद उघडे केले तर निवडणुकीतली हिंसा थांबेल का?

कोरीपाटी: केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर हजारावर माणसं मेली, लाखो लोक घरदार सोडून पळाले. ३० डिसेंबरला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष किबाकीच जिंकले असं जाहीर केलं आणि लगोलग शपथविधी उरकला, नंतर निवडणूक आयोगाचे अध्यक्षच म्हणाले की नक्की कोण जिंकलं ते मला माहीत नाही! मग हरलेल्याने विश्वास ठेवायचा कशावर? २०२२ ला तिथेच प्रत्येक केंद्राचा निकालाचा फॉर्म स्कॅन करून वेबसाईटवर टाकला, ४६ हजारांवर केंद्रं, कुणीही बसून बेरीज करावी. जिंकलेल्या-हरलेल्यातला फरक दोन टक्क्यांच्याही आत होता तरी २००७ सारखं पेटलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, बंदोबस्त वाढवण्याआधी कागद उघडे करा.

उंबरठा: असहमत. नायजेरियात २०११ ची निवडणूक आधीच्यांपेक्षा बरीच स्वच्छ झाली असं निरीक्षकच म्हणत होते, तरी उत्तरेत तीन दिवसांत ८०० च्या आसपास लोक मारले गेले. २०१५ ला आधी उमेदवारांकडून शांतता करारावर सह्या घेतल्या आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोनाथन यांनी पूर्ण निकाल यायच्या आधीच विरोधी उमेदवार बुहारींना फोन करून हार मान्य केली, त्या एका फोनने जे झालं ते हजार फॉर्मनी झालं नसतं. आग नेते लावतात हो, विझवायचीही त्यांनीच.

कोरीपाटी: फोनचं मान्य, पण नेता मोठ्या मनाचा निघेल या भरवशावर लोकांचे जीव टांगणीला ठेवायचे का? मोजणी संपली की फॉर्मवर सगळ्या पक्षांच्या एजंटांच्या सह्या होतात, एक प्रत केंद्राच्या दारावर चिकटवतात, बाहेरची माणसं मोबाईलवर फोटो काढतात. वर कुणी आकडा फिरवला तर तो फोटो राहतोच ना. २०२२ ला केनियात सात निवडणूक आयुक्तांपैकी चौघांनी निकालापासून हात झटकले, तरी कोर्टासमोर हे कागद होते, ५ सप्टेंबरला निकाल कायम झाला.

सरळरेघ: बंदोबस्ताबद्दल कोरीपाटी बरोबर आहेत. २०१७ ला केनियात बरेचसे बळी पोलिसांच्याच गोळ्यांनी गेले, त्यात लहान मुलंसुद्धा होती. पोलीस सत्तेतल्या पक्षाचे वाटायला लागले की त्यांना बघूनच लोक भडकतात.

उंबरठा: आणि शिक्षेचं काय? २००७ च्या हिंसेबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयात केनियाटा आणि रुटो या तिथल्या नेत्यांवर खटले दाखल झाले, केनियाटांवरचे आरोप डिसेंबर २०१४ ला मागे घेतले, रुटोंचा खटला २०१६ ला साक्षीदारांवर दबाव वगैरे प्रकारांत बंद पडला आणि मधल्या काळात दोघं निवडूनही आले. ज्यांची घरं जळली त्यांना फॉर्म दाखवून विश्वास ठेवा म्हणणार?

कोरीपाटी: नाही म्हणणार. शिक्षा व्हायलाच पाहिजे, पण खटला दहा वर्षं चालतो आणि पुढची निवडणूक पाच वर्षांनी येते. दारावरचा कागद त्याच रात्री लावता येतो, म्हणून सुरुवात तिथून करा म्हणतोय.