नव्या धूमकेतूच्या तेजस्वितेचे दोन अंदाज: कोणता धरावा?

प्रश्न

नुकत्याच सापडलेल्या एका धूमकेतूचा मी नियमित मागोवा घेत आहे. सध्या तो सूर्यापासून सुमारे ५ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी–सूर्य सरासरी अंतर) दूर असून उपसूर्य बिंदूपाशी, म्हणजे कक्षेतल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या जागी, तो ०.५ एककापर्यंत जवळ येईल. त्याच्या महत्तम तेजस्वितेचे दोन अंदाज माझ्यासमोर आहेत. एकात ती दुसऱ्या प्रतीची आहे, तर दुसऱ्यात जेमतेम सहाव्या प्रतीची (प्रतीचा आकडा जितका लहान, तितके तेज जास्त). दोन्ही अंदाज आजच्याच निरीक्षणांवर बेतलेले असताना एवढी तफावत कशी पडते? निरीक्षणांचे वेळापत्रक आखताना कोणता अंदाज प्रमाण मानावा?

उत्तर

दोन्ही अंदाजांमागचे सूत्र बहुधा एकच आहे. धूमकेतूची प्रत म्हणजे त्याची निरपेक्ष प्रत (सूर्य आणि पृथ्वी दोन्हींपासून एक एकक अंतरावर असतानाची प्रत), अधिक पृथ्वीपासूनच्या अंतराच्या लघुगणकाची पाचपट, अधिक सूर्यापासूनच्या अंतराच्या लघुगणकाची २.५ गुणिले न इतकी पट. खरी मेख या ‘न’मध्ये आहे. धूमकेतू सूर्याकडे सरकताना किती वेगाने उजळतो, हे तो ठरवतो. पुरेशी निरीक्षणे नसतील तेव्हा तो ४ धरण्याची प्रथा आहे. तुमच्या धूमकेतूचे सूर्यापासूनचे अंतर ५ वरून ०.५ वर, म्हणजे दहापट कमी होणार आहे, त्यामुळे हिशेब सोपा आहे: न ४ ऐवजी २.५ धरला की उपसूर्य बिंदूपाशी ३.७५ प्रतींचा, म्हणजेच तेजात सुमारे ३२ पटींचा फरक पडतो. तुमच्यासमोरची तफावत जवळजवळ तेवढीच आहे.

कोणता न धरावा, हे ठरवण्याआधी धूमकेतूची मूळ कक्षा पाहा. ग्रहांच्या ओढीचा परिणाम वजा केल्यावर कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष (लंबवर्तुळाच्या सर्वांत लांब व्यासाचा निम्मा भाग) १०,००० एककांहून अधिक निघाला, तर तो सूर्यमालेच्या कडेवरच्या ऊर्ट मेघातून (धूमकेतूंच्या साठ्यातून) बहुधा प्रथमच आत येत आहे, असे समजावे. अशा धूमकेतूच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडसारखे अतिबाष्पशील बर्फ शिल्लक असतात आणि ते फार दूरवर, अगदी कमी तापमानातही उडू लागतात. त्यामुळे तो लांबूनच दिमाखदार दिसतो. पुढे सुमारे ३ एककांच्या आत पाण्याच्या बर्फाचे संप्लवन (घनाचे थेट वाफेत रूपांतर) प्रभावी होते, तेव्हा सुरुवातीची चढण टिकेलच असे नाही. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले होते की असे नवे धूमकेतू सूर्याकडे येताना जुन्यांच्या मानाने सावकाश उजळतात. मूळ कक्षा तशी निघाली, तर माझे मत निःसंशय सहाव्या प्रतीच्या बाजूने पडेल.

उत्तर

वरील विवेचनाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. कोहूटेक धूमकेतू मार्च १९७३ मध्ये सापडला, तेव्हा तो सूर्यापासून ४ एककांहून दूर होता, आणि त्या अंतरावरच्या तेजावरून शतकातला महान धूमकेतू म्हणून त्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात तो नुसत्या डोळ्यांनी दिसला, पण अपेक्षेच्या मानाने फारच फिका. सप्टेंबर २०१२ मध्ये सापडलेला आयसॉन तर २८ नोव्हेंबर २०१३ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे १२ लाख किलोमीटरवरून जाताना विघटितच झाला.

मात्र म्हणून प्रत्येक नव्या धूमकेतूला आधीच निकालात काढू नये. त्सुचिनशान–अ‍ॅटलास फुटणार, असे जुलै २०२४ मध्ये छापून आले होते. तो तगला आणि ऑक्टोबरमध्ये डोळ्यांना सहज दिसला. त्यात भूमितीचाही वाटा होता. धूमकेतू पृथ्वी आणि सूर्य यांच्या जवळजवळ मधोमध आला की त्याची धूळ सूर्यप्रकाश पुढच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे, फार मोठ्या प्रमाणात विखुरते. ही वाढ वरच्या सूत्रात कुठेच नसते. तेव्हा उपसूर्य बिंदूच्या आगेमागे सूर्य, धूमकेतू आणि पृथ्वी यांच्यातला कोन किती असेल, तेही काढून ठेवा.

प्रश्नकर्ता

मूळ कक्षा तपासली. तो नवाच दिसतो. मग स्वतःच्या निरीक्षणांवरून न काढायचा झाल्यास काय करावे?

उत्तर

प्रत्येक नोंदलेल्या प्रतीतून पृथ्वीच्या अंतराचा वाटा, म्हणजे त्या अंतराच्या लघुगणकाची पाचपट, वजा करा. उरलेली प्रत सूर्यापासूनच्या अंतराच्या लघुगणकासमोर आलेखावर मांडा. बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा उतार २.५ ने भागला की न मिळतो. रेषा मध्येच मोडलेली दिसली, तर मोडीनंतरचे बिंदूच पुढच्या अंदाजासाठी वापरा. जुने बिंदू सोबत ओढल्यास न उगाच फुगतो किंवा घटतो.

याहून नाजूक काम मूळ प्रत ठरवण्याचे आहे. धूमकेतू ताऱ्यासारखा बिंदू नसून पसरट ठिपका असतो. दुर्बिणीतून त्याच्या कोमाचा (गाभ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या आवरणाचा) सरासरी उजळपणा नीट लक्षात ठेवा, मग तुलनेच्या ताऱ्याचा फोकस बिघडवत त्याला कोमाएवढा करा आणि दोन्हींची तुलना करा. एक तारा किंचित उजळ आणि एक किंचित मंद असा मिळाला, की दोघांच्या मध्ये प्रत बसवता येते. मोठ्या दुर्बिणीतून अधिक वर्धनाने पाहिल्यास कोमाच्या कडेचा अंधुक भाग निसटतो आणि धूमकेतू मंद भासतो. म्हणून उपकरणाचा व्यास आणि वर्धन दरवेळी नोंदवा आणि वेगवेगळ्या उपकरणांचे आकडे एकाच रेषेत कोंबू नका. कॅमेऱ्याने मोजत असाल तर मोजणीच्या वर्तुळाचा व्यासही लिहा, कारण लहान वर्तुळात केवळ गाभ्याजवळचा प्रकाश येतो आणि प्रत कित्येक अंकांनी मंद निघू शकते.

वेळापत्रक सहाव्या प्रतीवर आखा, आणि धूमकेतू ३ एककांच्या आत आला की दर पंधरवड्याला न नव्याने काढा.